‘नव्याच्या निम्म्यात देतो’ म्हणतात, घेऊ का?

पत्र

नमस्कार दादा,

मी तासगावची. घरी शिवणकाम करते, मिस्टर दूध संघात आहेत. मोठ्या मुलीला सांगलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळालंय, पहिलं वर्ष. रोज एसटीने जाऊन-येऊन करणार आहे. कॉलेजने लॅपटॉप लागेल म्हणून सांगितलंय. माझी भिशी यंदा लागली, तिचे ४०,००० रुपये मी फक्त यासाठी ठेवलेत. त्याच्या पुढे जायची माझी ताकद नाही, फार तर दोनेक हजार इकडेतिकडे.

तीन ठिकाणी विचारलं. सांगलीच्या शोरूममध्ये नवा ४१,९९० ला सांगितला. आय-थ्री, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, एक वर्षाची वॉरंटी. कोल्हापुरातल्या एका दुकानात कंपनी रिटर्न लॅपटॉप २४,००० ला आहे. आय-फाइव्ह, आठवी जनरेशन, १६ जीबी रॅम, तीन महिन्यांची गॅरंटी. दुकानदार म्हणाला, ‘ताई, हाच नवा होता तेव्हा ऐंशी हजाराला होता, तुम्हाला पावभर पैशात मिळतोय.’ तिसरा माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मुलाचा, पुण्यात असतो तो. त्याने २०२२ च्या दिवाळीत ७४,००० ला गेमिंगचा घेतला होता. तो ४५,००० म्हणतोय. ‘घरातलाच आहे, माहितीतला आहे, नवा आज यापेक्षा महाग आहे,’ असं जाऊबाई म्हणतात. नाही म्हटलं तर वाईट दिसेल.

मुलगी म्हणते जुना नको. मिस्टर म्हणतात जुना घे, पैसे वाचव. मला यातलं कळत नाही. काय करू?

उत्तर

नमस्कार ताई,

भिशीचे पैसे कसे साठतात ते मला माहीत आहे, म्हणून तुमच्या एकेका आकड्याकडे मी माझ्याच खिशातून जाणार असल्यासारखं पाहिलं. माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान बावीस वर्षं होतं. नवे, जुने, पाण्यात पडलेले, उंदरांनी वायरी कुरतडलेले, सगळे हातातून गेले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. जुन्या लॅपटॉपचा भाव नव्याच्या भावाशी ताडून बघायचाच नाही. तो त्याच्या उरलेल्या आयुष्याशी ताडायचा. ‘नवा ऐंशीला होता’ हे वाक्य खरं असेल, पण ते आठ वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपबद्दल आहे. तुम्ही विकत घेताय ती त्याची पुढची वर्षं. तेव्हा विचारायचं एवढंच, की ती किती उरलीत आणि एकेक वर्ष कितीला पडतंय.

आधी हे कंपनी रिटर्न लॅपटॉप येतात कुठून ते सांगतो, म्हणजे ते चोरीचे किंवा बिघडलेले असतात ही मुलीच्या मनातली शंका जाईल. मोठ्या कंपन्या शेकड्याने लॅपटॉप घेतात. कंपनी कायद्यात, म्हणजे २०१३ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं धरलंय. आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरची किंमत दरवर्षी ४० टक्क्यांनी घटवतात. मूळ वॉरंटीही बहुधा तीन वर्षांचीच असते. तीन-चार वर्षं झाली की तो लॅपटॉप कंपनीच्या वहीत जवळजवळ शून्यावर येतो, वॉरंटीबाहेर जातो, आणि सगळा लॉट एकदम विकला जातो. तिथून माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, दिल्लीच्या नेहरू प्लेसला, बंगळूरच्या एस. पी. रोडला आणि पुढे आपल्याकडच्या शहरांतल्या दुकानांत येतो. बिघाड झाला म्हणून नाही, हिशेब संपला म्हणून तो बाहेर पडतो. वहीतलं आयुष्य संपलेलं असतं, लॅपटॉपचं नसतं, आणि या मधल्या अंतरावरच जुन्या लॅपटॉपचा सगळा बाजार चालतो. त्या अंतराचा फायदा तुम्हाला मिळतो की दुकानदाराला, हे तुम्ही कोणत्या सालचा माल उचलता त्यावर ठरतं.

हाच ४० टक्क्यांचा हिशेब पुतण्याच्या लॅपटॉपला लावून बघा. ७४,००० चे एका वर्षाने ४४,४०० होतात, दुसऱ्या वर्षी २६,६४०, तिसऱ्या वर्षी १५,९८४ आणि चौथ्या वर्षी ९,६०० च्या आत. बाजारात याहून पुष्कळ जास्त मिळतात, कारण मशीन अजून चालतं. पण तो ज्या ४५,००० ची गोष्ट करतोय तो भाव वहीप्रमाणे घेतल्यानंतर एका वर्षाने होता, चार वर्षांनी नव्हे.

आता कोल्हापूरच्या दुकानाकडे येतो. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘आठवी जनरेशन’ हा आहे. प्रोसेसरचं नाव आय-फाइव्ह की आय-सेव्हन यापेक्षा त्याची पिढी बघायची. नावापुढे एक आकडा असतो, ८३५० सारखा. नवव्या पिढीपर्यंत त्यातला पहिला आकडा पिढी सांगतो, दहावीपासून पहिले दोन आकडे. १०२१० असेल तर दहावी पिढी, ११३५ किंवा ११४५ असेल तर अकरावी. आठव्या पिढीला एक मान आहे. लॅपटॉपच्या साध्या आय-फाइव्हमध्ये तोवर दोन कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, असायचे, आठवीपासून चार झाले. म्हणून सातव्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा आठवीचा आय-फाइव्ह बहुतेक कामांत सरस पडतो, आणि तरीही दुकानात ‘आय-सेव्हन’ म्हटलं की गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं. असं होताना मी पुष्कळदा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय.

पण आठवी पिढी ही काठावरची पिढीसुद्धा आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने नेहमीची अपडेट द्यायची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी यादी केली, तीत इंटेलचे नेहमीचे लॅपटॉप प्रोसेसर आठव्या पिढीपासून घेतले. म्हणजे सातवीचे लॅपटॉप एका फटक्यात रद्दीच्या वाटेला लागले आणि आठवीचे शेवटच्या पायरीवर उभे राहिले. पुढे कधी ती पायरी वर सरकली, तर पहिला नंबर यांचाच लागणार. हे प्रोसेसर २०१७-१८ चे आहेत. तुमच्या मुलीला चार वर्षं काढायची आहेत. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करताना तिच्या हातात बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप असावा असं मला वाटत नाही.

आता पैशात मांडू. २४,००० त्यांचे, वर तीनेक हजार नव्या बॅटरीचे धरा, कारण एवढ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी बदलावीच लागते. झाले २७,०००. तीन वर्षं नीट चालेल असं धरू, शेवटी विकून चारेक हजार येतील. म्हणजे २३,००० मध्ये तीन वर्षं, वर्षाला साधारण ७,७००. नवा ४२,००० चा चार वर्षं वापरून दहाएक हजाराला गेला, तर ३२,००० मध्ये चार वर्षं, वर्षाला ८,०००. बघा, ‘पावभर पैशात’ म्हटलेला लॅपटॉप नव्यापेक्षा वर्षाला फक्त ३०० रुपयांनी स्वस्त पडतो. त्या ३०० रुपयांसाठी गॅरंटी तीनच महिन्यांची, पडदा जुना, आणि चौथ्या वर्षी पुन्हा खरेदी. मिस्टरांना हा हिशेब कागदावर लिहून दाखवा. पैसे वाचवायचे हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त या लॅपटॉपमध्ये ते वाचत नाहीत.

मग नवाच घ्यायचा का? तसंही नाही. नव्याच्या ४१,९९० मध्ये रॅम, म्हणजे एका वेळी उघडलेली कामं पेलणारी मेमरी, ८ जीबी आहे. पहिल्या वर्षी सी प्रोग्रॅमिंगला ती पुरेल. तिसऱ्या वर्षी अँड्रॉइडचं काम किंवा व्हर्च्युअल मशीन (एका लॅपटॉपच्या आत दुसरा चालवणं) आलं, की ८ जीबी घुसमटते. वर रॅम टाकायला जागा आहे का ते विचारावं लागेल, आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढलेत. एआयच्या डेटा सेंटरांसाठी चिप बनवणाऱ्यांनी आपला माल तिकडे वळवला, त्याचा हा परिणाम. तुमच्या हातात पूर्वीपेक्षा महाग नवा लॅपटॉप येतोय आणि त्यात रॅम कमी येते, याचं कारण हेच. त्याच कारणाने १६ जीबी रॅम आधीच आत असलेल्या जुन्या लॅपटॉपची किंमत वाढलीय. म्हणून जुन्याचा भाव पाडून मागायला यंदा फार वाव नाही, पण निवडायला मात्र आहे.

मी सांगतो तो पर्याय तुमच्या पत्रात नाही. त्याच कोल्हापूरच्या दुकानात, किंवा सांगली-पुण्यातल्या तशाच दुकानात, अकराव्या पिढीचा कंपनी रिटर्न मागा. हे २०२१ च्या आसपासचे लॅपटॉप आहेत, ते कंपन्यांतून बाहेर पडून बाजारात आलेत. नावं लिहून ठेवा: डेल लॅटिट्यूड ५४२०, एचपी एलिटबुक ८४० जी-८, लेनोवो थिंकपॅड टी-१४ जेन-२. तिन्ही १४ इंचांचे आणि तिन्हींत पुढे रॅम वाढवता येते. लॅटिट्यूड ७४२० दाखवला तर तो दिसायला देखणा आणि हलका आहे, पण त्याची रॅम बोर्डावरच पक्की असते. आत १६ जीबी असेल तरच घ्या, ८ असेल तर नको.

असा लॅपटॉप ३०,००० ला मिळाला, तीन हजार बॅटरीचे धरले आणि चार वर्षांनी सातेक हजाराला गेला, तर २६,००० मध्ये चार वर्षं. वर्षाला ६,५००. इथे बचत खरी आहे. शिवाय या लॅपटॉपचा कीबोर्ड, बिजागऱ्या, बॉडी हे सगळं ऑफिसात रोज दहा तास वापरायच्या हिशेबाने बनवलेलं असतं. चाळीस हजारांच्या नव्या लॅपटॉपच्या बिजागऱ्या दोन-तीन वर्षांत प्लास्टिकमधून उखडून आलेल्या मी इतक्या दुरुस्त केल्यात, की एसटीत मांडीवर दप्तर घेऊन बसणाऱ्या मुलीसाठी मी हा विचार पहिला करतो. दुकानदार ३४,००० म्हणाला तर वर्षाला ७,५०० पडतात, तिथवर ठीक आहे. त्याच्या वर एक रुपया गेला की उठा आणि नवा घ्या. वॉरंटीचे पैसे मग नव्यातच वसूल होतात.

दुकानात काय बघायचं ते आता नीट सांगतो. मुलीला बरोबर न्या, तिला हे सगळं पंधरा मिनिटांत जमेल, आणि जुना नको म्हणणाऱ्या मुलीनेच तपासून घेतलेला लॅपटॉप तिला आपला वाटेल.

लॅपटॉप उलटा करा. डेलच्या पाठीवर सर्व्हिस टॅग असतो, एचपी-लेनोवोवर सीरियल नंबर. तो मोबाइलवर त्या कंपनीच्या वेबसाइटवर टाका. वॉरंटी कधी सुरू झाली आणि कधी संपली ते तिथे दिसतं, म्हणजे खरं वय कळतं. दुकानदार ‘दोन वर्षं वापरलेला’ म्हणो की ‘डब्यातून काढलेला’, हे पान खोटं बोलत नाही. मग लॅपटॉप चालू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानावर, जो नंबर दिसतो तो पाठीवरच्या नंबराशी जुळतो का बघा. जुळला नाही तर बोर्ड किंवा बॉडी बदललेली आहे, असा घेऊ नका.

कीबोर्डवर बोट फिरवा. झाकण चकचकीत आणि स्पेसबार मधोमध गुळगुळीत, ए, एस, ई या अक्षरांचा रंग उडालेला, असं असेल तर वापर भरपूर झालाय. उलट सगळ्या कळा कोऱ्या करकरीत आणि झाकणाला चिकट पातळ कागदासारखं आवरण लावलेलं असेल, तर नखाने कोपरा उचकटून बघा. त्या आवरणाखाली चीर किंवा चेपलेली बाजू निघते. झाकणावर कंपनीच्या बारकोडाच्या स्टिकरचा चौकोनी डिंकाचा डाग मात्र मला चांगली खूण वाटते. खरोखर कंपनीतून आलेल्या मालावर तो पुष्कळदा असतो.

बॅटरीसाठी काळ्या कमांड विंडोमध्ये इंग्रजीत पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ, आणि बॅटरीरिपोर्ट असं टाकायचं. एक फाइल तयार होते. तीत दोन आकडे बघा: बनताना किती क्षमता होती आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर किती आहे. समजा पहिला ६३,००० आणि दुसरा ४४,१०० आला, तर बॅटरी ७० टक्के उरलीय. वर्षभर काढता येईल. ५० च्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे तिथल्या तिथे भावातून कमी करून मागा. दुकानदाराला हा आकडा दाखवला की घासाघीस करावी लागत नाही.

पडद्यावर एकदा पूर्ण पांढरं आणि एकदा पूर्ण काळं चित्र उघडा. ठिपके, पिवळे डाग, कडेने येणारा उजेड दिसतो. आणि पडद्याचं रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० आहे ना, ते सेटिंगमध्ये वाचा. यांतल्या लॅटिट्यूड ५४२० मध्ये स्वस्तातला १३६६ गुणिले ७६८ चा पडदाही येत असे. तो बाजूने पाहिला की रंग फिके पडतात, आणि कोड लिहिताना बऱ्याच ओळी पडद्याबाहेर राहतात. रॅम किती आहे ते टास्क मॅनेजरमध्ये स्वतः बघा, स्टिकरवर नको. विंडोज ॲक्टिव्हेशन बघा. ‘डिजिटल लायसन्स’ असं लिहिलेलं हवं. कंपनीच्या लॅपटॉपला ते बहुधा मुळातूनच असतं. नसेल तर विंडोज कुठून टाकलंय ते तोंडावर विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि ती का सांगतो तेही ऐका. मिरजेहून एक मुलगा दुकानात आला होता. १९,००० ला लॅपटॉप घेतला होता, घरच्यांनी म्हशीच्या दुधाचे पैसे साठवून दिलेले. चार महिने झकास चालला. मग हळू झाला म्हणून त्याने विंडोज रीसेट केलं. सेटअपमध्ये वाय-फायचा पासवर्ड टाकला, आणि पुढच्या पानावर एका परक्या कंपनीचं नाव आलं. ‘तुमच्या कंपनीच्या ईमेलने साइन इन करा.’ पुढे जायला वाटच नाही. ज्या कंपनीचा तो लॅपटॉप होता, तिने तो विकला पण आपल्या यादीतून काढला नव्हता. विकणाऱ्याने इंटरनेटशिवाय विंडोज टाकून तो दडवला होता. फोन लावला तर बंद. तो मुलगा काउंटरवर लॅपटॉपचं झाकण मिटून, त्यावर दोन्ही हात ठेवून उभा होता. मला त्याच्यासाठी फार काही करता आलं नाही, ते कुलूप काढायचा हक्क त्या कंपनीलाच असतो.

म्हणून दुकानात बसूनच विंडोज रीसेट करायला लावा, आणि सेटअप सुरू झाला की आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. नेहमीचं, आपलं खातं टाका असं पान आलं तर लॅपटॉप मोकळा आहे. कंपनीचं नाव आलं तर पैसे खिशात ठेवून बाहेर पडा. याला तास-दीड तास जातो. दुकानदार म्हणाला ‘ताई, एवढा वेळ नाही’, तर तुम्ही चहा पिऊन या, पण हे न करता घेऊ नका. बायोसला पासवर्ड नाही ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

चार्जर मूळ कंपनीचा हवा. डेलला परका चार्जर लावला तर पुष्कळदा तो चालू होताना तक्रार करतो आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतो. मग लोक लॅपटॉपलाच दोष देतात.

आणि पक्कं बिल घ्या, सीरियल नंबर लिहिलेलं. ‘बिल हवं तर १८ टक्के वाढतील’ असं सांगतील. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला जीएसटीत सोय आहे: त्याने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेतली नसेल, तर पूर्ण किमतीवर नाही, फक्त त्याच्या नफ्यावर कर लागतो. ३०,००० च्या लॅपटॉपवर तो चार हजार सुटत असेल तर कर त्या चार हजारांवर, म्हणजे ७२० रुपये. हे शांतपणे सांगा. गॅरंटीत काय येतं तेही बिलावरच लिहून घ्या: मदरबोर्ड, पडदा, कीबोर्ड. तीन महिन्यांऐवजी सहा मागा, चांगली दुकानं देतात. बिल असलं की उद्या काही अडलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. बिल नसलं की तुम्ही आणि तो, दोघंच उरता.

कोणी स्वस्तातलं जुनं मॅकबुक सुचवलं तर एवढंच बघा, की त्यात इंटेलचा प्रोसेसर नको. ॲपलने २०२५ ची सिस्टिम ही इंटेल मॅकसाठी शेवटची असं जाहीर केलंय. म्हणूनच ती एवढी स्वस्त झालीत.

राहिला पुतण्याचा लॅपटॉप. ४५,००० चा, वर गेमिंग लॅपटॉपची बॅटरी चारेक हजाराची, चार वर्षांनी विकून आठेक हजार. ४१,००० मध्ये चार वर्षं, म्हणजे वर्षाला १०,२५० रुपये. तिन्हींत हाच महाग, कोऱ्या लॅपटॉपपेक्षाही. तो मुलगा तुम्हाला फसवतोय असं मुळीच नाही. त्याने ७४,००० मोजलेत, त्याच्या डोळ्यांपुढे तोच आकडा आहे, आणि ‘नवा आज यापेक्षा महाग आहे’ हे त्याला खरंच वाटतं. पण आज त्या जास्त पैशांत मिळतो तो दोन-तीन पिढ्या पुढचा लॅपटॉप. त्याच्याएवढं काम करणारा आज केवढ्याला पडेल, हे बघायला हवं.

शिवाय त्यात ग्राफिक्स कार्ड आहे, ते खेळासाठी आणि पुढे मशीन लर्निंगला उपयोगी, हे मान्य. पण असा लॅपटॉप बहुधा सव्वादोन-अडीच किलोचा, वर विटेएवढा चार्जर, बॅटरी दोन-तीन तास. तासगाव ते सांगली एसटीत उभं राहून, पाठीवर ते ओझं रोज, चार वर्षं. खेळ खेळून तापलेला असेल तर पंखे साफ करून प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट बदलावी लागेल, ते वेगळं. तरीही हे सगळं सोसून घ्यायचाच झाला तर माझ्या हिशेबाने ३०,००० ला घ्या, तेव्हा तो वर्षाला ६,५०० वर येतो, मी सांगितलेल्या अकराव्या पिढीच्या बरोबरीला.

जाऊबाईंना नाही म्हणायची वेळच आणू नका, ओझ्याचं कारण पुढे करा. ते खरंही आहे. ‘वन्सं-जावांत’ पैशाचा भाव चर्चेला आला की कडू होतं. मुलीच्या पाठीचा विषय काढला तर कोणाला राग यायचं कारण नाही. आणि पुतण्याला मोकळेपणाने सांगा की पुण्यात गेमिंगवाली मुलं हाच लॅपटॉप शोधत असतात, तिथे त्याला तुमच्यापेक्षा चांगला भाव येईल. फक्त विकण्याआधी त्याने आपले फोटो, बँकेची ॲप, ब्राउझरमधले पासवर्ड सगळं पुसून पूर्ण रीसेट करावं, आणि घेणाऱ्याकडून नंबर लिहिलेला कागद सही करून घ्यावा.

तुमच्या चाळीस हजारांत लॅपटॉप ३०-३४ ला बसला, तर बाकीच्यातले तीन हजार बॅटरीसाठी वेगळे ठेवा, आत्ताच खर्चू नका. हजार-बाराशेची आत गादी असलेली सॅक घ्या, पाण्याला टिकणारी, कारण कॉलेज सुरू होतं तेच पावसात. आणि पाचशेच्या आतला एक माऊस, तिला तो पहिल्याच आठवड्यात लागेल.

दुकानात मॉडेलचं नाव, प्रोसेसरचा पूर्ण आकडा आणि बॅटरीचे ते दोन आकडे कागदावर लिहून घ्या. पैसे देण्याआधी काही शंका आली तर मला कळवा. दुकानदाराला सांगा, एक दिवस थांबा.